वसाहतीचे वय : वळिवड्याची छावणी ते गांधीनगर

पंचाहत्तर वर्षे झाली म्हणताना ती कुठून मोजायची, हा प्रश्न बहुतेक संस्थांना पडत नाही. नोंदणीचा दाखला असतो, कोनशिला असते, नाहीतर पहिल्या सभेचे इतिवृत्त तरी असते. गांधीनगरचे तसे नाही. कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेकाठच्या वळिवडे गावाला लागून आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गाच्या कडेने पसरलेल्या या वसाहतीचा जन्म सहसा १९४८ चा धरला जातो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे तेव्हा इथल्या बराकींत उतरली आणि पुढे वसाहतीला महात्मा गांधींचे नाव मिळाले. पण ज्या बराकींत ती उतरली, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. पाच वर्षे आधी, १९४३ मध्ये, दूरच्या पोलंडमधून हुसकावलेल्या बायकामुलांसाठी त्या उभ्या राहिल्या होत्या. आणि ज्या शिवारात त्या उभ्या राहिल्या तेही काही नावगाव नसलेले माळरान नव्हते. वळिवड्याची माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होती.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की वसाहतीचे वय १९४३ पासून मोजावे, आणि ‘पहिले वसाहतकरी’ म्हणताना तिघांचीही नावे एका ओळीत घ्यावीत : शेजार देणारे वळिवडेकर, घडी बसवून निघून गेलेले पोलिश आणि येऊन रुजलेले सिंधी. हे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. त्यावरचे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांची दखल पुढे घेतली आहे. स्मरणिकेत वाद नको, असा एक संकेत असतो; पण वयाचाच घोळ असलेल्या उत्सवमूर्तीबद्दल थोडा ऊहापोह चालवून घ्यावा लागेल.

१९४० ते १९५० : दोन देशोधडी, एक छावणी

या दशकाकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण नवी वस्ती वसवणे ही करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाला नवी गोष्ट नव्हती. कोल्हापूरपर्यंतचा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि तिथला गुळाचा बाजार पुढे देशभर गाजला. याच लोहमार्गावर, शिरोळ भागात, त्यांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर आखून वसवले. ज्यांच्या कपाळी पिढीजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता त्या फासेपारध्यांना सोनतळीला घरे देऊन स्थिर केले ते वेगळेच. या सगळ्या उदाहरणांत एक सूत्र दिसते. आधी रूळ किंवा रस्ता, मग पाणी, मग बाहेरून आणलेली किंवा आलेली माणसे, आणि शेवटी आसपासच्या गावांशी देवघेव. वळिवड्याची छावणी बांधणाऱ्यांच्या मनात हे सूत्र असेलच असे नाही. पण त्यांनी जागा निवडली ती लोहमार्गाच्या कडेला, नदीपासून जवळ आणि शहरापासून काही किलोमीटरांवर. हवा सौम्य होती हाही मोठा भाग होता, कारण येणारे लोक बर्फातून आणि उपासमारीतून आलेले होते.

ते कोण होते, हे इथे सविस्तर सांगायला हवे. आपल्याकडे त्यांच्याविषयी ‘गोरे निर्वासित’ यापलीकडे फारसे बोलले जात नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडची जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात वाटणी झाली. पूर्वेकडचा भाग रशियाकडे गेला आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडली गेली. पहिल्या खेपेत ज्यांना उचलले त्यांत एक मोठा वर्ग ‘ओसाद्निक’ म्हणून ओळखला जाई. पहिल्या महायुद्धानंतरच्या लढायांत कामगिरी केल्याबद्दल पूर्व सीमेवर ज्यांना जमिनी मिळाल्या, असे हे शेतकरी-शिपाई. त्या शब्दाचा सरळ अर्थच मुळी वसाहतकरी असा आहे. म्हणजे वळिवड्याला जे आले त्यांतल्या कित्येकांच्या घरी पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचा, विहीर खणण्याचा, शाळा उभी करण्याचा एका पिढीचा अनुभव होता. छावणी म्हटल्यावर तंबू, रांगा आणि शिधा डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र वस्ती करण्याची सवय असलेली माणसे आली, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो.

जर्मनीने रशियावर चाल केल्यावर, जुलै १९४१ मध्ये, लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ च्या मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष बव्हंशी सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे कुठे ठेवायची हा प्रश्न राहिला. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशी त्यांची पांगापांग झाली; काही भाग हिंदुस्थानच्या वाट्याला आला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांसाठी बालाचडी येथे आश्रय दिला ती कथा पुष्कळ सांगितली जाते. वळिवडे त्याहून कितीतरी मोठे होते. इराणहून कराचीला, कराचीतल्या तात्पुरत्या तळावरून पुढे मुंबईमार्गे आगगाडीने कोल्हापूरला, अशा खेपा १९४३ च्या मध्यापासून येऊ लागल्या आणि वस्ती सुमारे ५,००० वर गेली. त्या वेळी संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांचे निधन होऊन गेले होते, दत्तक वारस अल्पवयीन होते आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे होता. खर्चाची मुख्य जबाबदारी लंडनच्या पोलिश सरकारची होती. जागा आणि शेजार करवीरचा.

छावणीचे प्रमुख कॅप्टन यागिएल्लोविच होते. मुंबईतल्या पोलिश वकिलातीच्या कौन्सल जनरलांच्या पत्नी आणि पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी कीरा बानासिन्स्का यांनी या लोकांसाठी अपार खटपट केली. बालवीरांची पथके बांधायला झ्जिस्वाव पेश्कोव्स्की आले. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिन हत्याकांडातल्या मृतांच्या स्मृतीसाठी झटले. ही नावे नोंदीत आहेत म्हणून सांगितली. रोजचा गाडा ओढला तो मात्र बायकांनी. पुरुष आघाडीवर असल्याने शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्या, शिवणकामाच्या वर्गांवरच्या, कार्यालयात बसणाऱ्या बहुतेक सगळ्या स्त्रियाच. लांबलचक कौलारू बराकी होत्या आणि प्रत्येक बराकीत कुटुंबागणिक वेगळा कप्पा, पुढे व्हरांडा. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या, रुग्णालय, चर्च, नाटके व गाण्याचे कार्यक्रम करायला रंगमंच, सिनेमा होता. व्हरांड्यापुढे फुलझाडे लावण्याची तर तिथे चढाओढ असे.

ओघात आलेली एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. पोलंड आणि दक्षिण महाराष्ट्र यांची ही काही पहिलीच गाठ नव्हती. शेजारच्या औंध संस्थानात १९३८-३९ च्या सुमारास लोकांच्या हाती राज्यकारभार सोपवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात मॉरिस फ्रीडमन हे पोलिश ज्यू अभियंते होते. त्यांच्या सहकारी वांदा दिनोव्स्का, ज्यांना गांधीजींच्या परिवारात उमादेवी म्हणत, यांनी हिंदुस्थानची ओळख पोलिश भाषेत करून देण्यासाठी ग्रंथमाला काढली आणि निर्वासितांसाठीही काम केले. कोल्हापूर-सातारा परिसर जगापासून तुटलेला होता, हा समज तेवढ्यापुरता तरी पुसायला हरकत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप येतो. पोलिश लोक पाहुणे होते. पाच वर्षे राहिले आणि १९४७-४८ मध्ये इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा दिशांना निघून गेले. त्यांनी इथली भाषा घेतली नाही, इथे दुकान काढले नाही, इथे राहण्याचा त्यांचा विचारच नव्हता. मग ते वसाहतीचे संस्थापक कसे? आक्षेपातले तपशील खरे आहेत, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. संस्थापक कोण हे हेतूवरून ठरवायचे की मागे जे उरले त्यावरून, हा मुद्दा आहे. कल्याणजवळचा तळ हा महायुद्धातला लष्करी तळ होता. तिथे सिंधी निर्वासितांना उतरवले तेव्हा शिपायांच्या सोयीने बांधलेल्या जागांतून कुटुंबांची घरे करण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाल्यावरही ती धडपड चालूच राहिली. वळिवड्याची आखणी आरंभापासून बायकामुलांच्या संसारासाठी झाली होती. कुटुंबागणिक खोली, चुलीची जागा, शाळेची इमारत, दवाखाना, पाण्याची व्यवस्था, मधून जाणारे रस्ते आणि हाकेच्या अंतरावर रेल्वे, हे सगळे १९४८ मध्ये जागेवर होते. लष्करी तळाचा गाव करणे आणि रिकाम्या गावात राहायला जाणे यांत जो फरक आहे, तेवढे श्रेय पोलिश वस्तीचे.

दुसरे असे की पाच हजार माणसांची चूल चालवायला दूध, अंडी, भाजी, लाकूडफाटा रोज लागतो. तो लंडनहून येत नव्हता. छावणीला लागून बाजार होता. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना हमखास रोख गिऱ्हाईक दाराशी मिळण्याचा हा त्या टापूतला पहिला मोठा अनुभव असणार. गवंडी, सुतार, झाडलोट करणारे, टांगेवाले, शिंपी यांना काम मिळाले. वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गडमुडशिंगी या गावांची नंतरच्या पेठेशी जी देवघेव झाली तिची पहिली तालीम इथे झाली. म्हणूनच वळिवडेकरांना या इतिहासात नुसते ‘स्थानिक’ म्हणून कोपऱ्यात बसवणे योग्य नाही. त्यांचे शिवार गेले, त्यांच्या वाटा बदलल्या. परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या हजारो माणसांशी पाच वर्षे त्यांनी सलोख्याने शेजार केला आणि मग लगेच दुसऱ्या परक्यांशी पुन्हा तोच शेजार धरला.

ते दुसरे परके मात्र तितके परके नव्हते. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची-मुंबई आगबोट ही सिंधी व्यापाऱ्याला रोजच्या वाटेसारखी होती. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे आपला म्हणावा असा अर्धा प्रांतही उरला नाही. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर निघणाऱ्यांची रीघ लागली. मुंबई सरकारने त्यांना कल्याण, पिंपरी, देवळाली अशा ठिकाणी वाटून दिले. एक वाटा रिकाम्या होत आलेल्या वळिवड्याला आला. ज्या कराचीतून १९४३ मध्ये पोलिश स्त्रिया मुलांना घेऊन वळिवड्याला आल्या, त्याच कराचीतून पाच वर्षांनी सिंधी कुटुंबे निघाली आणि त्याच बराकींच्या व्हरांड्यांत टेकली. १९४८ चा आरंभ कोल्हापुरातही अशांततेचा होता. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीच्या खुणा शहरावर ताज्या होत्या. अशा वेळी निर्वासितांच्या वस्तीला गांधीजींचे नाव मिळावे यात एक प्रकारचे परिमार्जनही असेल. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि वसाहतीचा कारभार संस्थानाकडून राज्याकडे आला.

१९५० ते १९६० : बराकीचे घर झाले

हे दशक कष्टाचे, आणि कष्टाच्या दशकाची कागदपत्रे नेहमीच थोडी असतात. सिंधमध्ये ज्यांची हवेली होती, शेती होती, सावकारी होती, ते इथे एका खोलीत आले. सरकारी शिधा आणि दरमहा मदत काही काळ मिळाली. ती कायमची नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होते. पुरुषांनी खांद्यावर कापडाची गाठोडी घेतली आणि आठवडा बाजार धरले. सायकलवरून गावोगाव, आगगाडीतून मिरज-सांगलीकडे, रस्त्याने निपाणीकडे. बायकांनी पापड, लोणची, शिवणकाम यांवर संसाराला हातभार लावला. बराकींच्या भिंती पक्क्या झाल्या, व्हरांडे आत घेतले गेले, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत घर अशी रचना रूढ झाली. विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा १९५४ मध्ये झाला आणि पाकिस्तानात सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी इथल्या जागा नावावर होण्याची वाट मोकळी झाली. ही वाट सरळ नव्हती. मोजणी, सनदा, हद्दी यांवरून मतभेद झाले. ते मिटवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी जे मिटवले ते इथे पुन्हा उकरण्याचे प्रयोजन नाही.

दुसरा आक्षेप याच दशकाशी निगडित आहे, आणि तो बहुधा बाहेरून घेतला जातो : आयती घरे मिळाली, सरकारची मदत मिळाली, मग कर्तृत्व ते काय? याला उत्तर द्यायला बालाचडीचे उदाहरण पुरेसे आहे. तिथेही पोलिश मुलांची वस्ती होती, तीही राजाश्रयाने उभी होती, तीही युद्धानंतर रिकामी झाली. आज त्या जागी सैनिक शाळा आहे. पेठ झाली नाही, गाव झाले नाही. रिकाम्या इमारतींचे पुढे काय होते हे त्यांत कोण येऊन राहतो यावर ठरते. वळिवड्याच्या बराकी आणखी चार-पाच पावसाळे बंद पडल्या असत्या तर त्यांची कौले आसपासच्या गोठ्यांवर गेली असती, एवढे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पोलिश वस्तीने चौकट दिली असे वर म्हटले; त्या चौकटीत धंदा भरला तो सिंधी कुटुंबांनी, आणि तो कमी भांडवल, कमी नफा, झटपट उलाढाल या त्यांच्या रीतीने. गिऱ्हाइकाला उधार द्यायची आणि पुढच्या बाजारच्या दिवशी वसूल करायची, यात ओळख लागते, भाषा लागते. दारोदार हिंडणाऱ्यांची मराठी शाळेत जाण्याआधीच पक्की झाली, ती यामुळे.

साठ आणि सत्तर : पेठ

या वीस वर्षांत सांगण्यासारखे नाट्य कमी आणि वाढ जास्त. फेरीवाल्याचे दुकान झाले, दुकानाचे घाऊक दुकान. सिंधी भाषेचा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही तिला मिळालेली ही मान्यता वसाहतीत अभिमानाची ठरली. चेटीचंदची मिरवणूक आणि झुलेलालचा उत्सव तर होताच.

व्यापाराच्या दृष्टीने मात्र १९७१ हे वर्ष ठळक आहे. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग त्या सुमारास मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला. तोवर मुंबईहून आलेल्या गाठी वाटेत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात घालाव्या लागत. त्यात वेळ जाई, हमाली जाई, आणि माल भिजे वा फाटे तो वेगळाच. रूळ रुंद झाले आणि कापडाची गाठ थेट येऊ लागली. छावणीसाठी लोहमार्गालगतची जागा निवडणाऱ्यांचा निर्णय अठ्ठावीस वर्षांनी असा पुन्हा उपयोगी पडला. लेखाच्या मूळ मुद्द्याला हा पुरावा नव्हे, पण जोड नक्कीच आहे.

ऐंशीचे दशक : गिरण्या बंद, माग चालू

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि देशातल्या कापडाच्या व्यापाराची दिशाच बदलली. गिरण्यांचे कापड आटले. यंत्रमागाचे आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याचे कापड बाजारात भरले. गांधीनगरच्या दृष्टीने ही उलथापालथ सोयीची ठरली, कारण इचलकरंजी अगदी जवळ. तिथे विठ्ठलराव दातारांनी नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला होता आणि ऐंशीच्या दशकापर्यंत ते देशातले एक प्रमुख केंद्र झाले होते. मात्र जवळिकीचा अर्थ फार ताणू नये. इचलकरंजीचे बरेच उत्पादन कोऱ्या कापडाचे, आणि गांधीनगरची पेठ साड्या, ड्रेस मटेरियल, तयार कपडे, चादरी-टॉवेल यांची. या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे दलाल, वाहतूकदार, हमाल, आणि हा वर्ग मुख्यतः आसपासच्या मराठी गावांतला. पेठेची वाढ एकट्या एका समाजाने केली असे जे म्हणतात त्यांनी या वर्गाकडे पाहावे. गोदामाचे शटर उघडण्यापासून गाठ टेंपोत चढवण्यापर्यंतचे हात वळिवडे, उचगाव, मुडशिंगी, चिंचवाडचे होते. दुकानांतले कारकून आणि विक्रेतेही बहुधा तिथलेच, आणि पुढे त्यांतल्या काहींनी स्वतःची दुकाने काढली.

याच काळात ‘बस्ता’ हा शब्द गांधीनगरला चिकटला. लग्न ठरले की वधूवरांकडची माणसे टेंपो, जीप, एसटी मिळेल त्या वाहनाने येणार, मानापानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराची कापडे घेणार आणि दिवस मावळता परतणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, बेळगाव, निपाणी, गोवा अशा मोठ्या मुलखातल्या संसारांची पहिली खरेदी इथे होऊ लागली. घरादारातून फेकल्या गेलेल्यांच्या वस्तीत लोकांच्या घराची मांडामांड व्हावी, हा योग कुणी ठरवून आणलेला नाही.

नव्वदचे दशक : परतून आलेले

वसाहतीच्या इतिहासातला विसरला गेलेला भाग या दशकात परत आला. वळिवड्यात वाढलेली पोलिश मुले एव्हाना साठी-सत्तरीत पोचली होती. लंडनमध्ये त्यांनी ‘भारतातले पोलिश’ अशी आपली संघटना बांधली होती. आठवणी, छायाचित्रे, याद्या गोळा करून त्यांनी १९४२ ते १९४८ या काळाचा भलामोठा ग्रंथ सिद्ध केला. जिथे आपण जेमतेम पाच वर्षे होतो त्या जागेविषयी इतके लिहिणारे लोक विरळाच. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा राहिला. त्यांची जी माणसे इथेच वारली, त्यांच्या कोल्हापुरातल्या दफनभूमीची निगा घेतली गेली.

तिसरा आक्षेप इथे येतो आणि तो वसाहतीच्या आतूनच येतो. ही सारी परक्यांची हळहळ आहे. त्यात आमच्या आजोबांच्या सायकलीला, आमच्या आजीच्या पापडाला जागा कुठे? हा राग अकारण नाही. बाहेरून येणारे पत्रकार आणि पाहुणे बराकीचे छायाचित्र काढतात आणि समोरच्या दुकानाकडे पाठ करतात. परंतु एका स्मृतीला जागा दिली म्हणजे दुसरीची जागा कमी होते, हे गणित चुकीचे आहे. उलट, पोलिश लोकांनी आपल्या पाच वर्षांची जी नोंद ठेवली तिच्यामुळेच बराकी कशा होत्या, शाळा कुठे होती, पाणी कसे येई, हे आज सांगता येते. सिंधी कुटुंबांनी त्या बराकींत काढलेली पहिली दहा वर्षे अशी लिहून ठेवलेली नाहीत. वळिवडेकरांनी तर काहीच लिहून ठेवलेले नाही. उणीव तिथे आहे, आणि ती भरून काढायला बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

२००० नंतर : आजचे गांधीनगर

पुणे-बेंगळुरू महामार्गाचे चौपदरीकरण झाले आणि तावडे हॉटेलपासून गांधीनगरकडे वळणारा रस्ता हा पेठेचा महादरवाजा झाला. लोहमार्गाची मक्तेदारी संपली. माल ट्रकने येऊ लागला, ट्रकनेच जाऊ लागला. कापडाच्या जोडीला प्लॅस्टिकच्या वस्तू, भांडी, खेळणी, घरगुती सामान आले. पुढची वर्षे सोपी नव्हती. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० पासूनची टाळेबंदी, अशा तीन गोष्टी रोखीवर आणि उधारीवर चालणाऱ्या पेठेला चार वर्षांत सोसाव्या लागल्या. मधे २०१९ च्या ऑगस्टमधला पंचगंगेचा महापूर, आणि २०२१ मध्ये पुन्हा एकदा. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की कोल्हापूरसकट या सबंध टापूचा श्वास अडकतो, हे दोन्ही वेळा दिसले. पुराने गावांत पाणी शिरले तेव्हा अंथरूण-पांघरूण आणि कपडे पुरवण्यात पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि आसपासच्या तरुण मंडळांनी मिळून काम केले. कुणी किती दिले याच्या याद्या न करता.

एवढी मोठी पेठ असूनही कारभार ग्रामपंचायतीचा आहे. गांधीनगर आणि आसपासच्या गावांसाठी प्रादेशिक नळपाणी योजना आहे. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीत ही गावे घ्यावीत की नाही यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले आहे आणि आणखी बोलले जाईल. त्यात शिरण्याचे हे ठिकाण नाही. मात्र त्यातून एक गोष्ट सहज कळते. वाद वळिवडे, गांधीनगर, उचगाव अशा वेगवेगळ्या गावांचा म्हणून होतो. प्रश्न मात्र कचरा, पाणी, रस्ता, वाहनतळ असे सगळ्यांचे एकच असतात. पोलिश छावणीच्या काळातही पाण्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न कुंपणाच्या आत थांबत नव्हता.

सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या शासनाचे प्रतिनिधी आणि वळिवड्यात बालपण घालवलेले वृद्ध पाहुणे पुन्हा कोल्हापूरला आले. वळिवड्यात स्मृतिस्तंभ झाला आणि संग्रहालयाची योजना पुढे आली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्सा भेटीवर गेले असता जामसाहेबांच्या स्मारकाबरोबर तिथल्या वळिवडे-कोल्हापूर स्मारकापुढेही त्यांनी फुले वाहिली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर वळिवड्याचे नाव आले. पोलिश भाषेत ते नाव त्यांच्या वळणाने लिहिले जाते, पण वाचले की ओळखू येते. गांधीनगर हे नाव त्या दगडावर नाही. ते पडायच्या आतच ती मंडळी निघून गेली होती.

अमृतमहोत्सवाच्या कमानीवर कोणते वर्ष घालायचे हे अखेर वसाहतीनेच ठरवायचे आहे. १९४८ घातले तरी चूक नाही, कारण त्या वर्षी आलेली माणसे अजून इथे आहेत. १९४३ घातले तर मात्र आधीच्या पाच वर्षांचा, शेजारच्या गावांचा आणि लोहमार्गाचाही हिशेब त्यात येतो. रेल्वेने हा प्रश्न कधी सोडवायला घेतलाच नाही. बस्त्याला आलेली मंडळी गाडीतून उतरतात त्या स्थानकाच्या पाटीवर नाव वळिवडे हेच आहे.